शुश्रूषेची तीन क्रियापदे : वृद्धांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांचे नैतिक पेच (मराठी व तमिळ संदर्भ)

१. प्रश्नाची मांडणी

मराठी घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूचे अंग पुसण्यापासून औषधांच्या वेळा सांभाळण्यापर्यंत सर्व काही जी स्त्री करते, तिच्याविषयी बोलताना 'ती सासूचे करते' एवढेच म्हटले जाते. षष्ठीचे रूप येते, क्रियापद येते. कर्म मात्र येत नाही. ती काय करते, हे वाक्य सांगत नाही. चेन्नईतील तमिळ घरात हीच गोष्ट सांगण्यासाठी 'पार्त्तुक्कोळ्' हे क्रियापद वापरले जाते. त्यातील 'पार्' म्हणजे पाहणे. 'कोळ्' हे साहाय्यक क्रियापद ती क्रिया कर्त्याने स्वतःकडे घेतल्याचे सुचविते. 'आईला आता कोण पाहणार?' असा प्रश्न मराठीतही विचारला जातोच. या दोन घरगुती क्रियापदांच्या जोडीला मराठीत एक शिष्ट, संस्कृतातून आलेला शब्द आहे : 'शुश्रूषा'. आज त्याचा अर्थ रुग्णसेवा असा रूढ आहे. परंतु त्याचा मूळ धातू 'श्रु' असून रूप इच्छार्थक आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा.

करणे, पाहणे आणि ऐकणे ही तीन क्रियापदे परस्परांना पूरक आहेत, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात दुर्बल झालेल्या वृद्धाची काळजी घेणाऱ्या स्त्रीसमोरचे नैतिक पेच या तिघांच्या परस्परविरोधातून निर्माण होतात. सर्व काही करायचे, तर ऐकायला वेळ उरत नाही. डोळ्यांत तेल घालून पाहायचे, तर वृद्धाचे म्हणणे डावलावे लागते. आणि मनापासून ऐकायचे, तर जे ऐकू येते ते करता येईलच असे नाही. मराठी समीक्षेने मात्र या पेचांकडे बहुधा कर्तव्य विरुद्ध स्वार्थ अशा एकाच द्वंद्वातून पाहिले आहे. त्यामुळे साहित्यकृतीतील सून किंवा मुलगी एक तर सोशिक ठरते, नाही तर कृतघ्न. तिच्या मनात चाललेला विचार हा नैतिक विचार आहे, दोन कर्तव्यांमधील निवड आहे, ही बाब दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात चेन्नई हे मध्यवर्ती स्थळ घेऊन मराठी व तमिळ कृती, तसेच कायदा आणि समाजाभ्यास यांच्या आधारे या विचाराचे स्वरूप स्पष्ट करावयाचे आहे.

चेन्नईची निवड दोन कारणांनी सयुक्तिक ठरते. २०११च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के, तर तमिळनाडूत १०.४ टक्के होते. म्हणजे मराठी समाजापुढे येऊ घातलेला प्रश्न तमिळ समाजाने थोडा आधी अनुभवला आहे. वृद्धांसाठी स्वतंत्र उपचारांची सोय मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी सावित्री वैत्ती यांनी निराधार वृद्ध स्त्रियांसाठी 'विश्रांती' ही संस्था स्थापन केली. गिंडी येथे राष्ट्रीय वृद्धत्व केंद्राचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले.

दुसरे कारण भाषिक आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांची सत्ता स्थापन झाली आणि १८५५ मध्ये ते संस्थान खालसा झाले. त्या निमित्ताने दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक पुढे शिक्षण व नोकरीसाठी मद्रासला आली. घरात तंजावरी मराठी आणि दारात तमिळ अशा या कुटुंबांत सेवेचे दोन शब्दसंग्रह एकाच छपराखाली नांदले. तुलनात्मक अभ्यासकाला याहून सोयीचे क्षेत्र सापडणे कठीण आहे.

२. करणे : काम कोणाचे, नाव कोणाचे?

वृद्धसेवेचे मराठी मनातील आदर्श कोणते, असा प्रश्न केला तर दोन नावे ताबडतोब पुढे येतात : पुंडलिक आणि श्रावणबाळ. दोघेही पुत्र आहेत. आई-वडिलांची सेवा पुरी होईपर्यंत पुंडलिकाने प्रत्यक्ष देवाला विटेवर तिष्ठत ठेवले, ही कथा पंढरीच्या परंपरेच्या मुळाशी आहे. त्याच कथेच्या पूर्वार्धात पुंडलिक आई-वडिलांची हेळसांड करतो आणि तिथे त्याची पत्नी त्याच्या सोबत असते. आदर्शाच्या वाट्याला मुलगा आणि अपराधाच्या वाट्याला सून, ही वाटणी लक्षात घेण्यासारखी आहे. महाराष्ट्र शासनाच्या निराधार वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेलाही श्रावणबाळाचेच नाव दिलेले आहे.

प्रत्यक्ष काम मात्र कोण करते? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात कुटुंबीयांच्या विनावेतन काळजीत दिवसाकाठी सहभागी होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २७.६ टक्के, तर पुरुषांचे १४ टक्के आढळले. सहभागी होणाऱ्यांतही स्त्रिया सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे देत होते. या आकड्यांत मुलांचे संगोपनही आलेले आहे. तरी कामाचा कल कोणीकडे आहे ते त्यांवरून स्पष्ट होते.

या कामाची स्त्रीकडून अपेक्षा करणारा एक महत्त्वाचा ग्रंथ तंजावरच्या मराठी दरबाराच्या छायेत अठराव्या शतकात लिहिला गेला, ही गोष्ट येथे उद्बोधक ठरते. त्र्यंबकयज्वा यांचा संस्कृत 'स्त्रीधर्मपद्धति' हा तो ग्रंथ. ज्युलिया लेस्ली यांनी १९८९ मध्ये त्याचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. या ग्रंथाचा केंद्रबिंदू पतिशुश्रूषा हा आहे. पत्नीने स्वतःच्या जिवाचीही पर्वा न करता पतीची शुश्रूषा करावी आणि तिच्या अन्य धर्मकृत्यांपेक्षा पतीची आज्ञा श्रेष्ठ मानावी, असे तो सांगतो. ऐकण्याची इच्छा हा शुश्रूषेचा अर्थ येथे आज्ञा ऐकणे असा संकुचित झालेला दिसतो. जिथे आज्ञेची उतरंड पक्की आहे, तिथे पेच संभवत नाही; कोणाचे आधी ऐकायचे, हे ठरलेलेच असते. आधुनिक स्त्रीचा पेच ही उतरंड ढिली झाल्यानंतरचा आहे. उतरंड ढिली झाली, पण काम उरले.

नात्याच्या शब्दांतही असाच एक अवशेष सापडतो. जुन्या मराठी वळणात सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणत असे. तमिळमध्ये सासऱ्याला 'मामनार' म्हणतात आणि सासूला हाक मारताना 'अत्तै', म्हणजे आत्या, हा शब्द वापरतात. आते-मामे भावंडांत होणाऱ्या विवाहांची ही खूण आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतीय आप्तसंबंधांची जी प्रादेशिक मांडणी केली, तीत महाराष्ट्र उत्तर व दक्षिण या दोन पद्धतींच्या सीमेवर येतो. ज्या घरात सासू खरोखरच आत्या किंवा मामी असे, तिथे सून जिचे करत होती ती तिला लहानपणापासून ठाऊक असलेली बाई होती. नात्याबाहेरच्या विवाहात हाक तीच राहिली, तिच्यामागचे बालपण नाहीसे झाले. शब्दाने केलेला दावा आणि अनुभवाने निर्माण होणारी माया यांतील हे अंतर सुनेला एकटीने भरून काढावे लागते.

कायद्याने या प्रश्नात जे हस्तक्षेप केले, त्यांतही करणाऱ्या स्त्रीचे नाव उशिरा आणि अर्धवट उमटले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याण येथील एका विवाहित डॉक्टर स्त्रीच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की निर्वाहाचे साधन नसलेल्या वडिलांना पोसण्याची जबाबदारी मुलाप्रमाणे मुलीवरही आहे. विवाहाने ती संपत नाही. वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती तमिळनाडूने १९८९ पासून आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. केंद्राने ती २००५ मध्ये स्वीकारली. म्हणजे मुलीचे कर्तव्य तिच्या संपत्तीतील समान हक्काच्या आधी मान्य झाले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातील 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा समावेश आहे. सून त्यात नाही. तिचा आणि जावयाचा समावेश करू पाहणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते संमत झाले नाही. सासू-सासऱ्यांनी याच कायद्याचा आधार घेऊन सुनेला घराबाहेर काढू पाहिले, तेव्हा २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला दिलेला राहत्या घराचा हक्क अशा रीतीने परस्पर निकालात काढता येणार नाही. घरात सर्वांचे 'करणारी' ही स्त्री कायद्याच्या नजरेत कधी अनुपस्थित, तर कधी प्रतिपक्ष आहे.

या पार्श्वभूमीवर 'नटसम्राट'मधील नलूकडे पाहता येते. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले. सर्वस्व मुलांना देऊन टाकलेल्या गणपतराव बेलवलकरांना मुलाच्या घरी आणि नंतर मुलीच्या घरी अपमान सोसावा लागतो. मुलीने घेतलेला चोरीचा संशय हा त्या अपमानाचा कळस. प्रेक्षकाची सारी सहानुभूती बापाकडे जाते आणि नाट्यरचनेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु सासरच्या घरात स्वतःच्या आई-वडिलांना आणून ठेवणाऱ्या मुलीचे स्थान किती अस्थिर असते, हा प्रश्न नाटकात असूनही समीक्षेत फारसा उपस्थित झाला नाही. देणगी दिलेली मालमत्ता सांभाळाची अट मोडल्यास परत मिळविण्याची तरतूद २००७ च्या कायद्यात आहे. गणपतरावांच्या प्रश्नाला कायद्याने उशिरा का होईना, उत्तर दिले. नलूच्या प्रश्नाला ते मिळालेले नाही.

हे काम केवळ भावनेचे नसून शरीराचे आणि साधनांचेही आहे. चेन्नईच्या संदर्भात ही गोष्ट अशोकमित्रन यांच्या 'तण्णीर' (१९७३) या कादंबरीइतकी क्वचितच कोणी दाखविली असेल. शीर्षकाचा अर्थ पाणी. पाण्याचे दुर्भिक्ष सोसणाऱ्या शहरातील एका वस्तीत जमुना व छाया या बहिणी राहतात. त्यांच्या शेजारची शिक्षिका वयाने पुष्कळ मोठ्या, आजारी नवऱ्याचा आणि सासूचा भार सांभाळत शाळेत शिकवते आणि इतर स्त्रियांप्रमाणे पाण्यासाठी धावते. तिच्या तोंडी सेवेचे तत्त्वज्ञान नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरविणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा या कादंबरीची आठवण अपरिहार्य होती. आजारी माणसाला आज अंघोळ घालायची की ते पाणी स्वयंपाकाला राखायचे, हा निर्णय तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात येत नाही. तरी तो नैतिक निर्णयच असतो.

मात्र 'तरुण स्त्री देते आणि वृद्धा घेते' हे चित्रही सरसकट मानता येत नाही. पेनी व्हेरा-सान्सो यांनी चेन्नईच्या गरीब वस्त्यांतील सासू-सुनांच्या संबंधांचा दीर्घ अभ्यास केला आहे. सुनेला कामावर जाता यावे म्हणून वृद्ध स्त्री घरकाम व नातवंडे सांभाळते, अनेकदा स्वतःही कमावते, असे त्यातून दिसते. काळजी घेणारी आणि घेतली जाणारी यांच्यातील रेषा वर्गानुसार सरकते. एका वर्गात जी 'दुर्बल' मानली जाते, ती दुसऱ्या वर्गात चूल पेटवीत असते.

३. पाहणे : राखण आणि पहारा

स्मृतिभ्रंशासारख्या विकारात 'करणे' दुय्यम होऊन 'पाहणे' हेच मुख्य काम बनते. वृद्ध चालता-फिरता असतो. पण गॅस उघडा ठेवतो, दार उघडून निघून जातो. अशा वेळी दाराला कडी लावावी का? त्याला न सांगता औषध अन्नात कालवावे का? एका माणसाचे स्वातंत्र्य आणि त्याची सुरक्षितता यांतील ही निवड रोज, अनेकदा करावी लागते आणि ती करणारी बहुधा घरातील स्त्रीच असते.

सावाको आरियोशी यांची १९७२ मधील जपानी कादंबरी 'कोकोत्सु नो हितो' या विषयावरील जागतिक साहित्यात अग्रस्थानी आहे. वकिलाच्या कचेरीत नोकरी करणारी अकिको आपल्या भ्रमिष्ट सासऱ्याला सांभाळते. पूर्वी याच सासऱ्याने तिला छळलेले असते. तिचा नवरा स्वतःच्या वार्धक्याची चाहूल लागल्यासारखा बापापासून दूर राहतो. ज्याने कधी आपले ऐकले नाही, त्याच्यावर रात्रंदिवस नजर ठेवण्याचे ऋण कोणते, हा प्रश्न अकिकोला पडतो. जपानी सून आणि मराठी सून यांच्या स्थितीतील साम्य येथे इतके ठळक आहे, की ही कादंबरी मराठी अभ्यासक्रमांत तुलनेसाठी अधिक वापरली जाणे इष्ट ठरेल.

मराठीत याच प्रश्नाची सर्वांत परिपक्व मांडणी सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात आढळते. चित्रपट २०१३ चा असून तो २०१६ मध्ये चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री यांना स्मृतिभ्रंश झालेला आहे. मुलगी इरा त्यांना काही काळ गाडीत बसवून जाते आणि रस्त्यावरच्या हत्तीच्या ओढीने ते निघून जातात. क्षणभर नजर हलली, एवढाच इराचा अपराध. पण 'पाहणे' हेच जिथे कर्तव्य आहे, तिथे क्षणभर न पाहणे हा अपराधच ठरतो. तिकडे माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला मुलासारखे जवळ करते आणि तो तिच्यात आई पाहतो. इराला आपल्या वडिलांमध्ये पूर्वीचा विद्वान शोधावासा वाटतो. चन्नम्माला समोरचा माणूस जसा आहे तसा दिसतो. चन्नम्मा श्रेष्ठ आणि इरा कमी, असा निवाडा चित्रपट करत नाही. आठवण असलेल्याचे पाहणे आणि आठवण नसलेल्याचे पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तो दाखवितो. मुलीच्या वाट्याला पहिले काम येते आणि ते अधिक दुःखाचे असते.

या पाहण्याची दुसरी बाजू अशी, की पाहणाऱ्या स्त्रीकडेही समाज पाहत असतो. गोव्यात विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी केलेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वृद्धाची विस्मृती व भ्रम यांचे कारण अनेकदा मुलांनी केलेले दुर्लक्ष किंवा त्यांच्या प्रेमाचा अभाव हे मानले जाते, असे त्यांना आढळले. आजार हाच जणू काळजी घेणाऱ्यांविरुद्धचा पुरावा. बनारसमधील संशोधनावर आधारलेल्या आपल्या १९९८ च्या ग्रंथात लॉरेन्स कोहेन यांनीही हेच निरीक्षण वेगळ्या रीतीने नोंदविले : म्हातारपणीच्या भ्रमाकडे भारतीय चर्चेत मेंदूच्या विकारापेक्षा बिघडलेल्या कुटुंबाची खूण म्हणून पाहिले जाते. विकसनशील देशांतील स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणारा '१०/६६' हा संशोधकांचा गट १९९८ मध्ये कोची येथे स्थापन झाला आणि त्याच्या भारतातील क्षेत्रांपैकी एक चेन्नईत होते. जगातील ६६ टक्के रुग्ण या देशांत, पण लोकसंख्येवर आधारित संशोधनाचा १० टक्क्यांहून कमी भाग त्यांच्याविषयी, ही विषमता त्याच्या नावातच नोंदलेली आहे. अशा संशोधनाने आजाराला आजार म्हटले, याचा पहिला लाभ रुग्णाइतकाच घरातील सुनेला झाला असे म्हणता येईल. तिच्यावरचा एक आरोप कमी झाला.

पाहण्याचे काम दुसऱ्याकडे सोपविणे हा आणखी एक पेच. तमिळमधील 'मुदियोर इल्लम' आणि मराठीतील 'वृद्धाश्रम' या दोन्ही शब्दांना अजून लाज चिकटलेली आहे. घरात पगारी बाई ठेवली तर ती लाज टळते; पण दुसरा प्रश्न उभा राहतो. चेन्नई किंवा पुण्याच्या सदनिकेत दिवसपाळी करणारी स्त्री आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला कोणाच्या हवाली करून आलेली असते? जोन ट्रोंटो यांनी १९९३ मध्ये काळजीच्या चार अवस्था सांगितल्या : गरज ओळखणे, जबाबदारी घेणे, प्रत्यक्ष काम करणे आणि ज्याची काळजी घेतली त्याचा प्रतिसाद समजून घेणे. भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबात या अवस्था अनेकदा वेगवेगळ्या व्यक्तींत विभागल्या जातात. परदेशस्थ मुलगा पैसे पाठवून जबाबदारी घेतो. सून गरज ओळखते. काम पगारी बाई करते. चौथी अवस्था, प्रतिसाद ऐकण्याची, कोणाच्याच वाट्याला निश्चितपणे येत नाही.

४. ऐकणे : सत्य, इच्छा आणि 'सुटका'

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात धरणगावकर देशपांड्यांच्या घरातील कर्ता पुरुष, तात्याजी, वारलेला आहे. त्याची अतिवृद्ध आई, दादी, आतल्या अंथरुणावरून त्याच्या नावाने हाक मारून वेळ विचारत राहते. मुलगा गेला हे तिच्यापर्यंत पोचलेले नाही. घरातील माणसे तिला वेळ सांगतात. सत्य सांगत नाहीत. समीक्षेने या हाकेकडे थिजलेल्या काळाचे प्रतीक म्हणून पाहिले आणि ते योग्य आहे. परंतु प्रतीकाच्या पूर्वी ती एक व्यावहारिक स्थिती आहे. प्रत्येक हाकेला कोणीतरी ओ द्यायची असते आणि प्रत्येक वेळी सांगावे की सांगू नये हे ठरवायचे असते. नवऱ्याच्या मृत्यूचे दुःख ताजे असलेल्या आईला आणि दिवसभर राबणाऱ्या वहिनीला त्या हाका ऐकाव्या लागतात.

सीमोन द बोव्हार यांनी १९६४ मध्ये आपल्या आईच्या अखेरच्या आठवड्यांविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात हाच पेच आत्मपरीक्षणाच्या रूपाने येतो. आईला कर्करोग झाला होता. तिला पोटातील दुसऱ्या विकाराचे नाव सांगण्यात आले. आयुष्यभर सत्याचा आग्रह धरणारी लेखिका आईशी असत्य बोलण्यात सहभागी झाली आणि त्याचा हिशेब तिने वाचकासमोर मांडला. एलकुंचवारांच्या नाटकातील स्त्रियांना असा हिशेब मांडण्याची सवड किंवा भाषा नाही. त्यांचे असत्य संवादांच्या फटीत राहते. दोन कृतींतील हा फरक प्रामाणिकपणाचा नाही, तर साहित्यप्रकाराचा आणि स्त्रीच्या सामाजिक स्थानाचा आहे. म्हणून मराठी नाटकातील मौनाचा अर्थ लावताना तिथे नैतिक विचार नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

ऐकण्याची दिशा उलटी करणारी कथा तमिळमध्ये अंबै यांनी लिहिली. चेन्नईच्या साहित्यविश्वाशी निगडित आणि दीर्घकाळ मुंबईत राहणाऱ्या या लेखिकेला २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची 'वीट्टिन् मूलैयिल् ओरु समैयलरै' ही कथा राजस्थानी कुटुंबात सून म्हणून आलेल्या मीनाक्षीची आहे. शीर्षकातील स्वयंपाकघर घराच्या कोपऱ्यात, अंधारात आहे. तरी घरातील स्त्रियांची सारी सत्ता त्यातच सामावलेली आहे. कथेच्या अखेरीस मीनाक्षी आजारी सासूजवळ बसून बोलते. त्या सत्तेखेरीज तिला दुसरे काही होता आले असते, असे ती तिला सांगते. येथे सेवा करणारी स्त्री वृद्धेचे ऐकून थांबत नाही. त्या वृद्धेला आयुष्यभर कोणी जे सांगितले नाही ते सांगते. अखेरच्या काळात असे बोलणे हे क्रौर्य आहे की आदर, याचे उत्तर कथा देत नाही. परंतु दुर्बल वृद्ध स्त्री ही अजून विचार करू शकणारी, बदलू शकणारी व्यक्ती आहे, हे मीनाक्षीने गृहीत धरले आहे. सासूला फक्त अंग पुसण्यापुरते शरीर मानणाऱ्या सेवेत हे गृहीत नसते.

सर्वांत कठीण ऐकणे ते मृत्यूच्या इच्छेचे. दीर्घ आजारानंतर मृत्यू आला, की मराठीत 'सुटली बिचारी' असे म्हणतात. उद्गार मृताविषयी असतो. पण ती गेल्याने आणखी एक जण सुटलेली असते, हे ऐकणाऱ्या सर्वांना ठाऊक असते आणि ते बोलायचे नसते. सुटकेची इच्छा आणि प्रेम एकाच मनात राहू शकतात, हे मान्य करायला भाषेने केवळ मृताच्या नावावर परवानगी दिली आहे. 'भार' हा शब्दही असाच. मराठीतील 'भार' तमिळमध्ये 'बारम' होतो. याच नावाचा प्रिया कृष्णस्वामी यांचा तमिळ चित्रपट २०१८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट ठरला. हाड मोडून परावलंबी झालेल्या एका वृद्ध पहारेकऱ्याच्या मृत्यूभोवती तो फिरतो. चेन्नईपासून दूर, विरुदुनगर व आसपासच्या दक्षिणी भागात तेलाने भरपूर न्हाऊ-माखू घालून वृद्धांना मरण आणण्याची 'तलैकूत्तल' ही प्रथा त्याचा विषय आहे. २०१० मध्ये वृत्तपत्रांनी तिच्याकडे लक्ष वेधले. येथे एक विदारक गोष्ट दिसते : मारण्याचे साधनही सेवेचेच आहे. तेल आणि अंघोळ, म्हणजे 'करणे', राहिले आहे. ऐकणे नाहीसे झाले आहे. वृद्धाला काय हवे, हे कोणी विचारलेले नाही. गरिबीने आणि उपचारांच्या अभावाने कुटुंबाला येथवर आणले, हे खरे. पण न विचारता केलेल्या निर्णयाला दया म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचार थांबविण्याविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. या निर्णयाकडे वृद्धाच्या हक्काच्या दृष्टीने पाहिले जाते. काळजी घेणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीनेही त्याचे मोल आहे. वृद्धाने वेळीच सांगून ठेवले, तर अखेरच्या क्षणी ऐकायचे कोणाचे, या प्रश्नाचे ओझे तिच्या एकटीवर पडत नाही. मात्र त्यासाठी घरात मरणाविषयी मोकळेपणाने बोलण्याची रीत पडावी लागेल.

५. समारोप

वरील कृतींचा एकत्र विचार करता असे दिसते, की काळजी घेणाऱ्या स्त्रीचा पेच कर्तव्य आणि स्वार्थ यांच्यात क्वचितच असतो. नलूपुढे माहेर आणि सासर अशी दोन घरे आहेत. अकिकोपुढे नोकरी आणि तिला छळलेला माणूस आहे. इरापुढे वडिलांची सुरक्षितता आणि त्यांची प्रतिष्ठा आहे. देशपांड्यांच्या वाड्यातील स्त्रियांपुढे सत्य आणि करुणा आहे. प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजूंना काही तरी मोलाचे आहे आणि एक निवडले की दुसऱ्याची हानी होते. स्वार्थाचा आरोप सोपा असतो, कारण तो केला की या हानीचा हिशेब मांडावा लागत नाही.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक पद्धती मिळते. सेवा, ऋण, संस्कार यांसारख्या मोठ्या शब्दांपासून सुरुवात करण्याऐवजी प्रत्येक भाषेत काळजीसाठी कोणते क्रियापद वापरले जाते आणि त्याचे कर्ता-कर्म कोण आहेत, हे आधी पाहावे. तमिळ क्रियापद पाहणाऱ्यावर भर देते. मराठी क्रियापद कामावर भर देते, पण काम कोणते ते सांगत नाही. संस्कृत शब्द ऐकण्याची इच्छा सांगतो, पण कोणी कोणाचे ऐकायचे हे मोकळे सोडतो. स्त्रीधर्माच्या ग्रंथांनी ती मोकळी जागा आज्ञेने भरली. आधुनिक लेखकांनी ती पुन्हा मोकळी केली आहे. वृद्धाचे ऐकावे, हे सर्वांना मान्य आहे. वृद्धाचे करणारीचेही कोणीतरी ऐकावे, हे अजून मान्य व्हायचे आहे. 'ती सासूचे करते' या वाक्याशी यापुढे न थांबता ती काय करते, किती काळ करते आणि तिला काय म्हणायचे आहे, असे विचारणे हे समीक्षेचे काम आहे. तसे ते घरातील इतरांचेही आहे.